जैनबचाचींची ओल

जैनबचाचींनी मला कधी "कशा आहात" असं विचारल्याचं आठवत नाही. भेटल्या की त्या आधी माझा हात ओढून घ्यायच्या, तळव्यावरून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "वयनी, पानी कमी पिताय तुमी." हीच त्यांची विचारपूस. गिऱ्हाइकाचे ओठ असोत, वाण्याच्या दुकानातली गुळाची ढेप असो नाहीतर आमच्या घराची भिंत, चाची प्रत्येकात एकच गोष्ट बघायच्या. यात ओल किती आहे?

भोरला वनखात्याच्या कचेरीसमोर, रस्त्यापलीकडे, त्यांचं पानाचं दुकान होतं. आमचे हे खात्यात गार्ड, म्हणून आम्ही कचेरीच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दुकान म्हणजे चार पायांवरचं लाकडी खोकं. पुढे कात-चुना-सुपारीचे डबे, आणि चाचींच्या मांडीला लागून पानांची करंडी. करंडीवर ओलं गोणपाट. चाची गिऱ्हाइकाशी बोलत असायच्या, कुणाच्या सुनेची चौकशी करत असायच्या, आणि त्यांचा डावा हात आपला आपण गोणपाटाखाली जाऊन पानं उलटत असायचा. मध्येच एखादं पान बाहेर काढून त्या गटारात भिरकावायच्या. बघायच्यासुद्धा नाहीत.

"न बघता कसं कळतं हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"बगून कळंपतुर पान मेलेलं असतंय," त्या म्हणाल्या. "बोटाला आदी कळतंय."

गोणपाट पिळायची त्यांची एक रीत होती. बादलीत बुडवायचं, पिळायचं, मग वर धरून थांबायचं. थेंब गळला तर परत पिळायचं. थेंब नाही पण हाताला गार लागतंय, असं झालं की मगच ते करंडीवर. "पानी येगळं आन् ओल येगळी," हे त्यांच्या तोंडी दिवसातून चारदा यायचं. नव्या सुनेला सांगावं तसं त्या हे कुणालाही सांगायच्या. एकदा तर दुकानाच्या परवान्याचं बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा पान खाऊन गेला.

पानं त्या पुण्याहून एसटीनं आणायच्या. करंडी टपावर टाकू द्यायच्या नाहीत. सावलीच्या बाजूची सीट धरायची, तिच्यावर करंडी बसवायची आणि आपण दांडीला धरून उभं राहायचं. कंडक्टर नवा असला की हमखास वाद.

"ओ चाची, सीट माणसाला असती."

"मग उठवा की तिला. मला काय सांगताय?"

"तिला म्हंजी कुणाला?"

"माजी सवत हाय ती. आमचं मालक जाताना सांगून गेल्यात, हिला नीट सांभाळ."

सगळी गाडी हसायची, कंडक्टरही हसायचा. मालक म्हणजे चाचींचे यजमान. दुकान मूळ त्यांचं, ते गेले आणि चाची खोक्यात जाऊन बसल्या. पण पानांचं त्यांना त्याआधीपासून कळत होतं. त्यांच्या आज्याचा साताऱ्याच्या बाजूला पानमळा होता, लहानपण तिथल्या वेलांच्या सावलीत गेलेलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. साल सत्त्याण्णव संपून अठ्ठ्याण्णव लागलेलं. संक्रांत जवळ आली होती. हायवेवर एका गाडीत कपड्यांच्या बॅगेत कासवाची पिलं सापडली. बावीस. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पाठीवर चांदण्या काढल्यासारखी पिवळी नक्षी. ही जंगलातली, माळावरची कासवं. धरायलाही बंदी आणि पाळायलाही. कुणीतरी शहरात घरात पाळायला विकायची म्हणून चोरून आणलेली. खटला उभा राहिला. आरोपी जामिनावर सुटले आणि मुद्देमाल आमच्या घरी आला. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ती पिलं जिवंत ठेवायची आणि हुकूम झाला की त्यांच्या मुलखात नेऊन सोडायची, असं ह्यांच्या गळ्यात पडलं.

आम्हाला काय ठाऊक? कासव म्हणजे पाण्यातलं, एवढंच. मी हौसेनं मोठं घंगाळ घेतलं, अर्धं भरलं आणि संध्याकाळी सगळी त्यात सोडली. वाटलं, बिचारी तहानलेली असतील. सकाळी दोन मेलेली. ह्या जातीला पोहताच येत नाही. बाकीची एकमेकांच्या पाठीवर चढून कशीबशी तरली होती.

मग कामथडीहून माझा भाऊ आला. त्याची तिथे पोल्ट्री. तो म्हणाला, "ताई, पिलू ते पिलू. कोंबडीचं काय न् कासवाचं काय." त्यानं भाताच्या तुसाचं पोतं टाकलं, खोक्यात वर बल्ब लावून दिला. थंडीचे दिवस, आम्हाला पटलं. पिलं कोरडी ठणठणीत आणि उबदार. आठवडाभरात त्यांचे डोळे चिकटले. खाईनात. उचललं तर काड्यापेटीइतकंही वजन लागेना. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. भला माणूस, स्पष्ट म्हणाला, "वहिनी, मी गाई-म्हशींचा. यातलं मला ठाऊक नाही, उगाच औषध देऊन मारणार नाही." आणखी तीन गेली.

आता खात्याचा नियम असा, की मुद्देमाल मेला तर पंचनामा. नाण्याएवढ्या जिवाचाही. लांबी, रुंदी, मरणाचं कारण आणि दोन पंच. एक पंच कचेरीतला शिपाई आणि दुसरा पंच, समोरच म्हणून, जैनबचाची. पहिल्या दोन पिलांना त्यांनी मुकाट अंगठा दिला. दुसऱ्या खेपेला ह्यांनी हाक मारली तेव्हा त्या पडवीत आल्या, कागदाकडे बघितलंच नाही. खाली बसल्या आणि मेलेलं पिलू तळव्यावर घेतलं. रोजे चालू होते. त्यांच्या स्वतःच्या ओठांना कोरड पडली होती.

"कुठं ठिवलंत ह्यास्नी?"

मी खोकं दाखवलं. त्यांनी तुसात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"या अल्ला! वयनी, पापड वाळवताय का काय?"

"चाची, ही उन्हातली जनावरं आहेत," हे म्हणाले. "वाळल्या माळावर राहतात."

"मोठी ऱ्हात आसतील. पिलं हिंडत्यात व्हय उन्हात? पिलू झुडपाच्या बुडात, पाल्याखाली दडून बसतंय. आमच्या आज्याच्या मळ्यात वर पाय भाजायचं, आन् पाला सारला की खालची माती गार. ह्याची कड बगा." त्यांनी पाठीच्या काठावरून नख फिरवलं. "पान वाळतंय ते कडंपासनं. ह्ये वाळून मेलंय गारडसायेब. उपाशी न्हाई, तानेनं."

ह्यांनी पंचनाम्याचा कागद पुढे केला. वरून लेखी आलं होतं, की यापुढे एकही पिलू गेलं तर जबाबदारी तुमची. ह्यांना दोन दिवस जेवण जात नव्हतं.

"एवढा अंगठा द्या, चाची."

"ह्ये तिघांचं देते. फुडं न्हाई देनार. मेलेल्याला रोज अंगठा घेताय, जित्याचं कोन बगनार? ती सतरा माज्याकडं द्या."

"मुद्देमाल क्वार्टरच्या बाहेर नेता येत नाही."

"मग म्या येते क्वार्टरात."

आणि त्या खरंच यायला लागल्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी, आणि संध्याकाळी रोजा सोडून झाला की. आधी बल्ब काढला. तूस माझ्या चुलीत गेला. आंब्याची रिकामी पेटी आणवली, तळाला चाळलेली माती, वर वाळका पाला. एका कोपऱ्यात फुटक्या मडक्याचं खापर पालथं घातलं, त्यावर पिळलेलं गोणपाट. पेटीचा अर्धा भाग ओला आणि अर्धा कोरडा. "त्यास्नी ठरवू द्या कुठं बसायचं त्ये. आपुन कोन सांगनार?" सकाळी पसरट ताटलीत कोमट पाणी, पिलाच्या हनुवटीला लागेल इतकंच. त्यात एकेकाला बसवून त्या तोंडानं काहीतरी पुटपुटत राहायच्या. मी विचारलं, दुवा म्हणताय का? तर म्हणाल्या, "न्हाई हो, कितवं ते मोजतेय."

मला वाटलं, सुटलो. आणि पाचव्या दिवशी एका पिलाच्या नाकावर बुडबुडा दिसला. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. दोन दिवसांनी ते गेलं.

त्या सकाळी समोरचं दुकान उघडलंच नाही. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. चाची आमच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ह्यांनी समजूत घातली. "चाची, आधी पाच गेलीच होती की. तुमचा काय दोष?"

"ती तुमच्या हातनं गेली. ह्ये माज्या हातनं. मांडा पंचनामा."

"तुम्ही तर म्हणाला होता, परत अंगठा—"

"म्हनले व्हते. लिवा. आन् कारन खरं लिवा, गारठ्यानं म्हनून."

अंगठा दिला आणि पुसायलाही विसरल्या. शाईचं बोट तसंच मांडीवर ठेवून बसून राहिल्या. सतराची सोळा झाली होती, आणि आता ह्याही उठून गेल्या तर आम्ही करणार काय?

मग एकदम म्हणाल्या, "वयनी, म्या ह्यास्नी पान समजले."

"म्हणजे?"

"पानाला ओल लागती ती गारव्याची. पान गार ठिवलं की जगतंय. ह्यो जीव हाय. ह्याला ओल पायजे, पर उबंतली. आपल्या तोंडातली वाफ आसती ना, तशी. म्या थंडीत गार गोनपाट टाकून बसले. साठ वरसं ओल वळखते म्हनून मिरवते, आन् बगा."

उठल्या आणि घरभर फिरल्या, भिंतींना हात लावत. बाहेरच्या खोलीची भिंत, न्हाणीची भिंत, मधली भिंत. एका ठिकाणी हात थांबला.

"हिच्या पल्याड काय हाय?"

"चूल आहे माझी. दिवसभर पेटलेली असते."

"हितं."

पेटी त्या भिंतीला लागली. गोणपाट आता कोमट पाण्यातून निघायला लागलं. पेटीवर अर्धी फळी, म्हणजे वाफ आत राहते आणि वाराही खेळतो. रोज सकाळी चाची पेटीत नाक घालून वास घ्यायच्या. मातीचा वास आला तर मान हलवायची. जरा आंबूस आला की सगळी माती बाहेर, नवी आत. मी हसायचे. पण आठ दिवसांनी माझंही नाक आपोआप पेटीत जायला लागलं होतं.

ईदच्या दिवशी त्या नवी साडी नेसून, शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. डबा माझ्या हातात दिला तो न बघताच, आणि तशाच पेटीपाशी जाऊन बसल्या. नव्या साडीला माती लागेल याचं भान नाही. मी जास्वंदीचं फूल कुस्करून टाकलं होतं. त्या एकदम हात वर करून म्हणाल्या, "श्शू!"

आम्ही दोघी श्वास रोखून. खापराखालून एक डोकं बाहेर आलं. डोळे उघडे, काळे, मोहरीएवढे. त्यानं फुलाची पाकळी धरली आणि ओढली. इतका बारीक आवाज, की कागद फाटावा तसा.

"ऐकलंत?" चाचींनी माझं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंत का वयनी? जेवलं त्ये."

मला त्या दिवशीचा शीरखुर्मा कसा लागला ते आठवत नाही. तो आवाज मात्र आठवतो.

त्यानंतर एकही गेलं नाही. उन्हाळ्यात नवी परीक्षा आली. पत्रा तापायचा, पेटी दुपारपर्यंत खडखडीत कोरडी. मग पेटी चुलीच्या भिंतीपासून उचलून न्हाणीच्या गार भिंतीला. चाची भर दुपारी रस्ता ओलांडून यायच्या, चप्पल विसरलेली, पाय भाजतायत म्हणून नाचत. हे चिडवायचे, "चाची, तुमची गिऱ्हाइकं कडकडतायत तिकडे."

"कडकडू द्या. त्यास्नी तोंड हाय ओरडायला."

वैशाखात गुरांचे डॉक्टर सहज आले. त्यांनी एक पिलू उचलून उजेडाला धरलं, पाठीवरून बोट फिरवलं. तोवर त्यांनी कुठून तरी वाचून काढलं होतं. म्हणाले, घरात कोरड्यात वाढवलेल्या पिलांच्या पाठीला टेंगळं येतात, आयुष्यभर जात नाहीत. "ह्यांची पाठ तर तासून घेतल्यासारखी आहे. काय वापरलंत?"

"गोनपाट," चाची म्हणाल्या.

हुकूम पावसाळ्याच्या तोंडावर आला. सोळाच्या सोळा डॉक्टरांनी तपासली आणि पास केली. खात्याची गाडी त्यांना घेऊन लांब कोरड्या मुलखात, जिथली ती होती तिकडे निघाली, बरोबर हे. मला वाटलं चाची रडतील, निदान बाहेर येतील. कुठलं काय! त्या दुकानात बसून कुणाच्या तरी पानाला चुना जास्त लावून वर त्याच्याशीच भांडत होत्या. गाडी गेली तरी मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी हे परतले, तेव्हा मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या चाचींनी त्यांना अडवलं. पिलं कशी चालली, कुठं गेली, काही विचारलं नाही.

"झुडपाखालची माती उकरून बगितली का?"

ह्यांनी खरंच उकरली होती. काटकीनं, प्रत्येक झुडपाखाली, बरोबरच्या साहेबांना हसू येत असताना.

"बघितली. वर फुफाटा. दोन बोटं खाली ओल होती."

चाची म्हणाल्या, "मंग बास," आणि पान लावायला घेतलं. ह्यांना न विचारता दोन लवंगा जास्त घातल्या.

त्याच वर्षी आमची बदली वेल्ह्याला झाली. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक असेलच, मिठाचं पाणी होतं आणि चामड्याच्या चपलेला बुरशी येते. चाचींना निरोप दिला तर म्हणाल्या, "तिकडं म्या काय कामाची न्हाई वयनी. तिकडं वाळवनारं मानूस बगा." पुढे येणं-जाणं कमी झालं. हे निवृत्त झाले, आम्ही वेल्ह्यातच घर बांधलं. भोरचं कुणी भेटलं की मी विचारायचे, दुकान चालू आहे का? आहे, म्हणायचे. चाची आहेत, पण ऐकायला कमी येतं.

सहा-सात वर्षं गेली असतील. घरात तेव्हा नुकताच मोबाईल आला होता. एका सकाळी भोरच्या कचेरीतून एका नव्या साहेबांचा फोन, अगदी कोवळा आवाज. हायवेवर परत पिलं सापडली होती, पन्नासच्या वर. जुनी फाईल चाळताना ह्यांचं नाव दिसलं म्हणून फोन केला. "काका, तुम्ही ती सोळा कशी जगवलीत ते सांगता का?"

हे म्हणाले, "मी काही केलं नाही, साहेब. कचेरीचं दार उघडा, रस्ता ओलांडा. आणि जरा मोठ्यानं बोला."

त्याच दुपारी मला माहेरी कामथडीला जायचं होतं. आमची एसटी नसरापूरला थांबली, गर्दी, शेअर रिक्षावाल्यांची ओरड. खिडकीतून बघते तर समोर खात्याची जीप उभी, रस्त्याच्या कडेला, झाड नाही काही नाही, उन्हात. जीपचं मागचं दार सताड उघडं. आणि त्यात पाय खाली सोडून बसलेल्या जैनबचाची. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीनं बांधलेला. मांडीवर प्लॅस्टिकचा मोठा डबा. पिलं जिथं पकडली तिथंच साहेबांनी त्यांना नेलं असणार, आणि आता सगळे भोरला निघाले असणार.

मी हाका मारल्या. त्यांना कुठलं ऐकू येतंय! त्या तर त्या कोवळ्या साहेबांना झापत होत्या, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात.

"डबा तापलाय म्हनते ना! हात लावून बगा, भाजतंय का न्हाई? ह्यात पोचूस्तवर एक ऱ्हानार न्हाई. काढा ती टोपी."

"अहो चाची, ही युनिफॉर्मची—"

"कापडाची हाय ना? काढा. त्या नळाखाली धरा आन् पिळा. निम्मी हितं बसतील, निम्मी माज्या पदरात."

आजूबाजूला माणसं बघत होती. साहेबांनी टोपी काढली, नळाखाली धरली, दोन्ही हातांनी पिळली आणि उलटी करून चाचींपुढे केली. चाची एकेक पिलू उचलून त्यात ठेवायला लागल्या, ओठ हलत होते, मोजत असणार. आमची एसटी सुटली. मी मागे वळून वळून बघत राहिले. तो पोरसवदा अधिकारी भर उन्हात बोडक्यानं उभा होता, हात जराही न हलवता.